नवा बेलोज टाकला तरी पाणी येतंच: स्टर्न ड्राइव्हच्या रबरी सीलचं दुखणं

बेलोज (ड्राइव्हचं घड्यांचं रबरी सील) बदलला, क्लॅम्प आवळले, बोट पाण्यात टाकली आणि मोसम संपायच्या आत बिल्जमध्ये, म्हणजे बोटीच्या तळाच्या पोकळीत, पुन्हा पाणी. स्टर्न ड्राइव्ह (इंजिन आत, पंखा म्हणजे प्रोपेलर फिरवणारा भाग बाहेर) वापरणाऱ्यांची ही नेहमीची तक्रार आहे. बहुतेक जण रबराच्या नावाने बोटं मोडतात आणि तिसरा बेलोज मागवतात. पहिल्यांदा फाटला तर रबराचं वय झालं असं खुशाल समजा. दुसऱ्यांदा, तोही लवकर फाटला, तर त्याला फाडणारं काहीतरी शेजारीच बसलंय असं धरून चाला. ते सापडेपर्यंत नवीन रबर टाकणं म्हणजे पैसे पाण्यात.

आधी रचना थोडक्यात. इंजिन बोटीच्या आत, ड्राइव्ह बाहेर, आणि मधल्या फळीला, म्हणजे ट्रान्समला, मोठं भोक. त्या भोकातून इंजिनची ताकद यू-जॉइंटच्या (वळू शकणाऱ्या सांध्याच्या) शाफ्टने बाहेर जाते. ड्राइव्ह डावी-उजवीकडे वळतो, वर-खाली होतो, म्हणून तिथे पक्कं पत्र्याचं सील चालत नाही. बाजाच्या पेटीच्या भात्यासारखा घड्यांचा रबरी बेलोज लागतो. व्होल्वो पेंटाने १९५९ मध्ये अ‍ॅक्वामॅटिक नावाचा स्टर्न ड्राइव्ह आणला, त्यानंतर ड्राइव्हमध्ये पुष्कळ सुधारणा झाल्या, पण पाण्याच्या पातळीखाली बोट आणि पाणी यांच्यामध्ये रबराची पातळ भिंत ही गोष्ट राहिलीच. मर्क्रूझर कंपनीच्या अल्फा आणि ब्राव्हो ड्राइव्हमध्ये असे तीन भाग पाहायचे असतात: यू-जॉइंटचा मोठा बेलोज, त्याच्या खाली एक्झॉस्टचा बेलोज आणि गिअर केबलचा छोटा बेलोज. इतर बनावटींत संख्या आणि आकार बदलतात, तर्क तोच.

यातला सगळ्यात दुर्लक्षित म्हणजे छोटा. केबलचा बेलोज बोटाएवढा दिसतो, म्हणून कोणी त्याच्याकडे बघत नाही, पण तो फाटला की पाणी केबलच्या वाटेने थेट आत येतं. रात्रभर बांधून ठेवलेल्या बोटीला तेवढं पुरतं. उलट एक्झॉस्टचा बेलोज फाटला म्हणून बोटीत पाणी येत नाही, कारण तो मार्ग मुळातच पाण्याला उघडा असतो. आत पाणी येतंय आणि खाली एक्झॉस्टचा बेलोज लोंबतोय, एवढ्यावरून दोन्हींचा संबंध जोडू नका. एक्झॉस्टचा फाटलेला बेलोज वेगळ्या कारणाने वाईट: धूर पंख्याच्या मधून दूर जाण्याऐवजी ट्रान्समला लागून वर येतो, आणि मागच्या फळीवर बसलेल्या किंवा तिथे पोहणाऱ्या माणसाच्या नाकाशी कार्बन मोनॉक्साइड पोचतो.

पाणी नक्की कुठून?

ड्राइव्ह उतरवण्याआधी हे ठरवा. बिल्ज फडक्याने पूर्ण कोरडी करा, शंका असेल त्या प्रत्येक जागेखाली कोरडा कागद पसरा, बिल्ज पंपाचा ऑटोमॅटिक स्विच तेवढ्यापुरता बंद ठेवा आणि तिथेच बसून राहा. पंप बंद ठेवून बोट सोडून जायचं नाही, हे सांगायची गरज नसावी, तरी सांगतो. पंप चालू असला की तो गळती झाकतो. कित्येक बोटी महिनोन्‌महिने गळत असतात आणि मालकाला बॅटरी का उतरते एवढंच कोडं पडलेलं असतं.

इंजिन बंद, ड्राइव्ह सरळ: थोडा वेळ थांबून कागद बघा. मग स्टिअरिंग पूर्ण डावीकडे, पुन्हा थांबा. पूर्ण उजवीकडे. शेवटी ट्रिम वर, म्हणजे ड्राइव्ह उचललेला. घडीतली चीर बेलोज दाबलेला असताना मिटते आणि ताणला की उघडते, त्यामुळे एकाच बाजूला वळवल्यावर थेंब पडू लागले तर चीर कुठल्या बाजूला आहे तेही कळतं. सरळ स्थितीत काहीच नाही आणि पूर्ण वळणावर धार, असं दिसलं की बहुतेक वेळा बेलोजच.

इंजिन चालू केल्यावरच पाणी येत असेल तर बेलोज सोडून द्या. समुद्राचं पाणी आत खेचणारा पाइप, त्याची गिंबल हाउसिंगवरची (ट्रान्समला बाहेरून बसवलेल्या, ड्राइव्ह धरणाऱ्या सांगाड्यावरची) जोडणी, पाण्याचा पंप, मॅनिफोल्ड (इंजिनचा धूर गोळा करणारा भाग) हे बघा. पूर्ण वेगात बोट पाण्यावर उचलली गेली की ट्रान्समचा मागचा भाग बराचसा उघडा पडतो, त्यामुळे मोठ्या बेलोजची गळती वेगात कमी आणि उभ्या बोटीत जास्त असते. लोकांना हे उलटं वाटतं. ‘जोरात पळवली तेव्हा थेंबही नव्हता’ हा बेलोज चांगला असल्याचा पुरावा नाही.

स्टिअरिंगच्या लिव्हरखाली ओल असेल तर गिंबल रिंगच्या (ड्राइव्हला वळवणाऱ्या कड्याच्या) वरच्या शाफ्टचं सील गेलेलं असतं. ट्रान्समच्या कडेने, गिंबल हाउसिंगच्या भोवती ओल असेल तर मोठं गॅस्केट. आणि कृपया ड्रेन प्लग आधी हाताने आवळून बघा.

आणखी एक खूण कानाने ओळखायची. मोठा बेलोज किंचित फाटला की पाणी लगेच बिल्जमध्ये येत नाही. आधी बेलोजमध्ये साचतं आणि यू-जॉइंट व गिंबल बेअरिंग (शाफ्टला आधार देणारं) गंजवतं. त्यामुळे पुष्कळदा आधी आवाज येतो, पाणी मागाहून. वळणावर घरघर वाढते ती बेअरिंगची, आणि तीव्र वळण घेताना टकटक होते ती यू-जॉइंटची. असा आवाज ऐकू आला आणि बिल्ज कोरडी असली, तरी बेलोज ठीक आहे म्हणून निश्चिंत राहू नका.

उतरवल्यावर आत काय सापडलं?

माझ्या मते सगळ्या तपासातला हा सर्वांत महत्त्वाचा क्षण, आणि नेमका तोच घाईत धुऊन टाकला जातो. ड्राइव्ह बाहेर ओढताना बेलोजमधून जे सांडतं ते डब्यात धरा. अल्फा ड्राइव्ह काढताना गिअर फॉरवर्डमध्ये लागतो आणि ब्राव्हो काढताना न्यूट्रलमध्ये, हे विसरलात तर ड्राइव्ह अडकतो आणि मग लोक पहार लावून ओढतात. ड्राइव्हला आधार देऊनच नट सोडवा. वजन एका माणसाला पेलणारं नाही.

डब्यात तांबूस, गंजलेलं पाणी असेल तर बेलोज गळत होता, प्रश्न मिटला. काळपट किंवा निळसर चिकट तेल असेल आणि त्याला गंधकाचा उग्र वास असेल, तर ते गिअर ऑइल आहे, म्हणजे ड्राइव्हच्या इनपुट शाफ्टचं ऑइल सील गेलंय. इथेच अनेकांचं घोडं अडतं. तेलाने रबर फुगतं, मऊ पडतं, क्लॅम्पखालून सरकतं, आणि वर्षाच्या आत नवाही तसाच होतो. दोष रबरावर येतो. खरं कारण आतून टपकत असतं. भरपूर पांढरट ग्रीस सापडलं तर बेअरिंगच्या निपलमधून कोणीतरी गरजेपेक्षा जास्त ग्रीस कोंबलंय. आणि डब्यात काहीच नाही, आतला भाग स्वच्छ कोरडा? मग पाणी दुसरीकडून येतंय आणि तुम्ही चुकीचा भाग उघडलाय. वरची चाचणी पुन्हा करा.

जुना बेलोज फेकू नका. उन्हात उलटा करून घडी-घडी उघडा. घडीच्या तळाशी पूर्ण गोलाकार बारीक भेगा असतील तर म्हातारपण. एकाच जागी, आतून बाहेर गेलेलं गुळगुळीत घासल्याचं भोक असेल तर आत काहीतरी फिरताना लागतंय, बहुधा यू-जॉइंटची सैल झालेली टोपी. बाहेरून आत गेलेला सरळ काप क्लॅम्पच्या स्क्रूचा असतो. वेड्यावाकड्या, टोकदार जखमा असतील तर शिंपले: खाऱ्या पाण्यात कायम उभ्या असलेल्या बोटीत घड्यांमध्ये कालवं आणि बार्नकल बसतात, आणि पहिल्याच पूर्ण वळणाला त्यांच्या धारा रबरात रुततात. त्या खरवडायला स्क्रूड्रायव्हर वापरू नका, लाकडाची चिपटी पुरते.

आता हेही सांगून टाकतो: भेगेवर सोल्युशन लावून पॅच, सिलिकॉन, टेप, गाडीच्या ट्यूबचं पंक्चर किट, यातलं काहीही पाण्याखालच्या बेलोजवर दुरुस्ती म्हणून धरू नये. घडी प्रत्येक वळणाला उघडमीट करते. पॅचची कड सुटतेच. वाटेत फाटला आणि किनाऱ्यापर्यंत यायचंय एवढ्यापुरतं ठीक, तेही पंप चालू ठेवून.

पुन्हा पुन्हा फाटण्याची खरी कारणं

काही कारणं वर आलीच. उरलेल्यांत माझा पहिला संशय बोट उभी करण्याच्या सवयीवर जातो. ड्राइव्ह वर उचलून महिनोन्‌महिने ठेवला की बेलोजच्या खालच्या घड्या ताणलेल्या आणि वरच्या चेपलेल्या राहतात. ताणलेल्या रबरावर हवेतला ओझोन आणि ऊन दोन्ही दुप्पट जोमाने काम करतात; भेगा पडतात त्या ताणाच्या आडव्या दिशेने. बोट पाण्याबाहेर, ट्रेलरवर असेल तर ड्राइव्ह खाली, सरळ ठेवा. पाण्यातच उभी राहणार असेल तर ड्राइव्ह खाली म्हणजे शिंपले आणि गंज, वर म्हणजे रबराला ताण. तिथे एकच उत्तर नाही. अशा बोटीला मी ड्राइव्ह खाली ठेवून अ‍ॅनोडकडे (ड्राइव्हऐवजी स्वतः गंजणाऱ्या धातूच्या तुकड्याकडे) लक्ष द्या म्हणेन, कारण अ‍ॅनोड बदलायला बोट मोडावी लागत नाही. खाऱ्या पाण्यात जस्त किंवा अ‍ॅल्युमिनियम, गोड्या पाण्यात मॅग्नेशियम. आणि अ‍ॅनोडवर रंग लावायचा नाही.

दुसरं कारण, इंजिनची रेष. इंजिनचे माउंट बसले की कपलर (इंजिनच्या मागचा, शाफ्ट ज्यात बसतो तो भाग) आणि गिंबल बेअरिंगचा मध्य जुळत नाही. मग बेअरिंग तिरकं चालतं, शाफ्ट थरथरतो, आणि ती थरथर बेलोजच्या कॉलरपर्यंत (टोकाच्या कडेपर्यंत) जाते. ड्राइव्ह बाहेर आहे तोवर अलाइनमेंट बार (रेष तपासायचा सरळ दांडा) घालून बघायला फार वेळ लागत नाही. बार बेअरिंगमधून कपलरमध्ये दोन बोटांच्या जोराने जायला हवा. टोकाला ग्रीस लावून घाला, काढा, आणि दात्यांच्या खुणा चहूबाजूंनी सारख्या उमटल्यात का ते पाहा. फक्त वर किंवा फक्त खाली उमटल्या तर पुढचे माउंट वर-खाली करावे लागतील. हातोडीने ठोकून बार आत घालणारे महाभाग असतात. त्यांनी चाचणी केलेली नसते, नुसता बार आत घातलेला असतो.

त्याच वेळी बेअरिंगमध्ये बोट घालून फिरवा. खरखर लागली, अडकलं, गंज दिसला तर बदला. ज्या बेलोजमध्ये पाणी शिरलं होतं त्यातलं बेअरिंग ‘सध्या फिरतंय’ म्हणून ठेवणं ही काटकसर फसवी आहे, कारण त्याच कामासाठी सगळं पुन्हा उतरवावं लागणार. ग्रीस घालायच्या प्रकारचं नवं बेअरिंग बसवताना त्याचं छिद्र हाउसिंगच्या ग्रीसवाटेसमोर आलंय ना, ते तपासा.

तिसरं, उष्णता. एक्झॉस्टचा बेलोज एका बाजूने कडक, चकाकणारा, वितळल्यासारखा दिसला तर पाण्याच्या पंपाचा इम्पेलर (आतलं फिरतं चाक) तपासा. एक्झॉस्टमध्ये मिसळणारं पाणी कमी झालं की रबर भाजतं. हा बेलोज सारखा निसटत असेल तर काही बनावटींत त्याच्या जागी बसणारी, एकाच टोकाला आवळायची एक्झॉस्ट नळी मिळते. बसवायला सोपी, कमी वेगाला आवाज थोडा जास्त.

चौथं कारण गंज, आणि ते बसवण्याच्या पद्धतीशी जोडलेलं आहे.

बसवताना

बेलोजची कॉलर ज्या अ‍ॅल्युमिनियमच्या कडेवर बसते तिथे पांढरी भुकटी जमलेली असते. तिच्यावर नवा बेलोज चढवला तर रबर भुकटीवर बसतं, धातूवर नाही. पाणी तिथून झिरपतं, भुकटी वाढते, कॉलर उचलली जाते. जुना गोंद सॉल्व्हंटने, भुकटी नायलॉनच्या घासणीने काढा. ग्राइंडर लावू नका. कड गेली की मग कुठलाच बेलोज बसणार नाही. खोल खड्डे पडले असतील तर ते इपॉक्सीने भरून, गोलाई राखून घासावे लागतात, आणि तरीही खात्री नसेल तर तो भागच बदलणं शहाणपणाचं.

गोंद लावायचा की कोरडं बसवायचं हे बनावटीवर अवलंबून आहे, मॅन्युअल बघा. मर्क्रूझरच्या मोठ्या बेलोजला बेलोजचा खास गोंद लागतो: दोन्ही पृष्ठांवर पातळ हात, बोटाला चिकटेल पण लागणार नाही इतका सुकू द्या, मग एकदाच नीट बसवा. ओल्या गोंदावर चढवलं तर गोंदच वंगणाचं काम करतो आणि कॉलर सरकते. रबर चढत नाही म्हणून ग्रीस किंवा ऑइल चोळणं तर अगदीच नको. लागलंच तर साबणाचं पाणी, तेही जिथे गोंद नाही तिथेच.

बेलोजवर वरची बाजू दाखवणारी खूण असेल तर ती वरच यायला हवी. क्लॅम्प स्टेनलेसचेच, आणि त्यांच्या स्क्रूची तोंडं मॅन्युअलमधल्या चित्राप्रमाणे. हे चित्र शोभेचं नाही. स्क्रू दोन अंश इकडे-तिकडे झाला तर चालेल, पण उलट्या बाजूला गेला तर पूर्ण वळणावर किंवा पूर्ण ट्रिमवर तो शेजारच्या बेलोजला भिडतो, आणि वर सांगितलेला सरळ काप तिथूनच येतो. क्लॅम्प अतिआवळले तर पट्टी रबरात रुतते. काही बेलोजच्या कडेला विजेच्या जोडणीची छोटी पत्र्याची क्लिप असते. ‘उरलेला सुटा भाग’ म्हणून ती बाजूला ठेवली की ड्राइव्ह आणि हाउसिंगमधली जोडणी तुटते, अ‍ॅनोडचं संरक्षण पोचत नाही आणि पांढरी भुकटी पुन्हा सुरू.

बेल हाउसिंग (बेलोजची बाहेरची टोकं ज्यावर बसतात तो भाग) उतरवलंच आहे तर तिन्ही बेलोज एकदम बदला. खर्च रबराचा नसतो, श्रमाचा असतो. किती वर्षांनी बदलायचे यावर कंपन्यांचे आकडे वेगवेगळे आहेत, साधारण दोन ते पाच वर्षांच्या मध्ये. पण वर्षातून एकदा घड्या उघडून बघणं सगळ्याच सांगतात. कपाटात वर्षानुवर्षं पडून राहिलेलं रबर नवीन नसतं, हेही विकत घेताना लक्षात ठेवा. घडी दाबून बघा, लगेच मूळ आकारात यायला हवी.

ड्राइव्ह चढवण्याआधी हाउसिंग हाताने पूर्ण डावीकडे, पूर्ण उजवीकडे, पूर्ण वर न्या आणि टॉर्चने प्रत्येक स्थितीत क्लॅम्प व घड्यांमधलं अंतर बघा. कुठेही रबर रबराला किंवा धातूला घासत असेल तर आत्ताच सोडवा.

बिल्ज कोरडी, पण गिअर ऑइल दुधाळ

हे दुसरं दुखणं आहे (पाणी मिसळलं की तेल दुधाळ होतं) आणि बेलोज बदलून बरं होत नाही. बेलोज पाण्याला बोटीबाहेर ठेवतो. ऑइल सील पाण्याला तेलाबाहेर. आधी सर्वांत स्वस्त गोष्ट: ड्रेन आणि व्हेंट स्क्रूखालच्या वॉशरी. त्या प्रत्येक वेळी नवीन लागतात, आणि निम्मे लोक जुन्याच लावतात.

त्यानंतर पंखा काढा. शाफ्टवर मासे पकडायच्या गळाची दोरी गुंडाळलेली सापडणं इतकं सर्रास आहे, की तेल दुधाळ नसतानाही वर्षातून एकदा पंखा काढून बघावा. दोरी सीलच्या ओठाखाली शिरते आणि तो कापते. तिथे बहुधा दोन सील पाठीला पाठ लावून असतात, एक तेल आत धरतं, एक पाणी बाहेर. दोन्हींची तोंडं योग्य दिशेलाच हवीत.

नवं सील टाकूनही गळत असेल तर शाफ्टवर नखाने चाचपा. जुन्या ओठाने पाडलेली खाच लागली तर नवा ओठ त्याच खाचेत बसतोय. सील थोडं पुढे-मागे बसवता येत असेल तर तसं करा, किंवा शाफ्टवर पातळ दुरुस्ती-स्लीव्ह चढवा.

चाचणी दाबाने आणि निर्वाताने, दोन्ही करायची, मॅन्युअलमधल्या मर्यादेत. फक्त दाबाची चाचणी फसवते. गरम ड्राइव्ह थंड पाण्यात बंद झाला की आतली हवा आक्रसते आणि सीलमधून पाणी ओढून घेते. दाबाने मिटून बसणारा ओठ अशा वेळी उघडतो. पंपाला गेज लावून, साबणाचं पाणी शिंपडून, पंख्याचा आणि इनपुटचा शाफ्ट हाताने फिरवत गेजकडे बघा. तेल भरताना खालच्या छिद्रातून भरा, वरून बुडबुड्यांशिवाय येईपर्यंत. वरून ओतलं तर हवा अडकते आणि पातळी खोटी दिसते.

पाण्यात टाकल्यावर

पहिल्या दिवशी कागदाची तीच चाचणी पुन्हा, सरळ-डावं-उजवं-वर. थोडं चालवून परत आल्यावर बिल्ज कोरडी आहे ना पाहा, आणि पुढे बोट पाण्याबाहेर येईल तेव्हा क्लॅम्प पुन्हा तपासा.

सगळं बदलूनही कागद ओला होत असेल, बेलोज आतून कोरडा असेल, आणि ओल गिंबल हाउसिंगच्या कडेने येत असेल, तर पुन्हा ड्राइव्ह उतरवू नका. ड्राइव्ह हाताने धरून जोरात डावी-उजवीकडे हलवा. गिंबल रिंग खडखडत असेल तर वरच्या शाफ्टच्या झिजलेल्या बुशिंगमुळे सील टिकत नाहीये. खडखड नसेल तर ट्रान्समचं गॅस्केट, आणि त्यामागचं लाकूड कुजलंय का, हे टिचकी मारून ऐका: भरीव आवाज आला तर गॅस्केट पुरेल, पोकळ आला तर आधी ट्रान्सम. दोन्हीसाठी इंजिन बाहेर काढावं लागतं.